दोन हजारात 1 मे: पळसाचा रंग, कच्चा चिवडा आन् चोवीस काड्या

आमच्या गावात 1 मे म्हणजे काय तर सकाळी शाळेत झेंडा, मग निकाल, मग प्रत्येक पोट्ट्याच्या हातात एक बिस्किटचा पुडा आन् चला, लागल्या सुट्ट्या. दहा वाजेपर्यंत गाव परत चिडीचूप, कारण त्या दिवसात आमच्याइकडे दहानंतर कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर निघत नाही. गाव वर्धा जिल्ह्यात आहे, आर्वीवरून आष्टीकडे जाताना आत. एप्रिलच्या शेवटी 44 म्हणजे आमच्यासाठी नॉर्मल, उगाच नाही विदर्भाच्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून उघडत.

तर यंदा आमच्या बचत गटाच्या मीटिंगमध्ये मीच तोंड उघडलं आन् फसली. म्हटलं, पोट्ट्यांसाठी संध्याकाळी काहीतरी करू ना, थोडं खाणंपिणं, थोडी सजावट, गाणीबिणी, वर्षभर बिचारे पटपट शाळेत जातात. सगळ्या म्हणाल्या हो हो करू, आन् ज्यानं सुचवलं त्यानंच करायचं असा आमच्या गटाचा अलिखित नियम आहे. आम्ही दहाजणी, प्रत्येकी दोनशे, म्हणजे दोन हजार. शाळेच्या पटावर 64 लेकरं. म्हणजे लेकरामागे तीस-एकतीस रुपये. तेवढ्यात खाणं, सजावट, बक्षीस, सगळंच.

घरी सांगितलं तर पहिला आक्षेप मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा. आमचे मामाजी वेगळ्या विदर्भवाले, पक्के. "1 मे कायले साजरा करता वं? नागपूर राजधानी होती आपली, मध्यप्रदेशात होतो तवा. 1956 ले तिकडून उचललं आन् मुंबई राज्यात टाकलं, 1960 ले झाला तुमचा महाराष्ट्र. नागपूर करार काढून वाच, 1953 चा, काय काय द्याचं कबूल केलं होतं ते." मी म्हटलं मामाजी पार्टी पोट्ट्यांची आहे, कराराची नाही. तर म्हणे मी नाही येत. बरं म्हटलं. (आले. ते पुढे सांगते.)

आता खरी गोष्ट, पहिल्याच दिवशी मी 260 रुपये पाण्यात घातले. मोबाईलवर बघितलं होतं, तिरंगी फुगे, तिरंग्याच्या पताका, तिरंगी नॅपकिन, असं सगळं एकदम भारी दिसत होतं, तर तालुक्याला गेली तशी एका दुकानातून 110 चे फुगे आन् दीडशेच्या प्लास्टिकच्या छोट्या झेंड्यांच्या माळा घेऊन आली. फुगे म्हटलं आधी टेस्ट करू, दहा-बारा फुगवून छपरीत लटकवले. दुपारी जेवायला बसलो तर फट्. मग फट् फट्. टिनाचं छप्पर, खाली गरम हवा कोंडलेली, ते फुगे ताणून ताणून एकेक करून गेले, शेळीनं दावं तोडलं आन् आत्याबाई (माझ्या सासूबाई) देवघरातून ओरडत आल्या, "माय वं, फटाके कोन लावून रायलं दुपारचं!" संध्याकाळपर्यंत एकच फुगा शिल्लक, तोही सुकलेल्या वांग्यासारखा.

आन् माळांचं तर आणखी वेगळं झालं. संध्याकाळी मुख्याध्यापक सर रस्त्यात भेटले, मी मोठ्या हौसेनं त्यांना दाखवल्या, त्यांनी चष्मा वर केला आन् म्हणाले ताई, हे नाही चालत. मला वाटलं महाग पडलं म्हणतात की काय. तर ते म्हणे 2002 ची ध्वजसंहिता आहे, त्यात प्लास्टिकचा झेंडा नाही चालत, कागदाचा चालतो पण तोही कार्यक्रम झाल्यावर रस्त्यात फेकायचा नाही, आन् मुख्य म्हणजे तिरंगा सजावटीसाठी वापरायचाच नाही, ना पताका म्हणून, ना टेबलावर अंथरायला, ना रुमाल-नॅपकिनवर छापायला. खरं सांगते, इतकी वर्षं 26 जानेवारी आन् 15 ऑगस्टला आपण सगळे गाडीला काय लावतो, दुकानात काय लटकवतो, हे आठवून मला एकदम कसंतरीच झालं. दुसऱ्या दिवशी माळा परत करायला गेली तर दुकानदार म्हणे विकलेला माल वापस नाही. घरी आणून नीट घडी करून कपाटात ठेवल्या, काय करणार.

सर म्हणाले रंग वापरा ना, केशरी, पांढरा, हिरवा, रंगावर थोडीच कोणाची मालकी आहे, फक्त झेंडा बनवू नका. हेच डोक्यात बसलं. आन् पैसेही नव्हते म्हणा, तर आता गावात जे फुकट पडलं आहे तेच.

केशरीसाठी आत्याबाई कामी आल्या. होळीच्या आधी पळस फुलतो तेव्हा त्या दरवर्षी फुलं वाळवून डब्यात भरून ठेवतात, लेकरांच्या अंगावर घामोळ्या उठल्या की त्या पाण्यानं आंघोळ घालायची म्हणून. दोन पायल्या तरी असतील. मोठ्या गंजात (पातेल्यात) पाणी, त्यात फुलं, चुलीवर उकळायला ठेवलं. तासाभरानं पाणी झालं पिवळं. पिवळंच. मी म्हटलं आत्याबाई, हे तर वरणासारखं दिसून राहिलं. त्यांनी काही न बोलता कंबरेचा बटवा काढला, पानाला लावायचा चुना बोटाच्या टोकावर घेतला आन् गंजात सोडून ढवळलं. मी तिथंच उभी होती, डोळ्यासमोर पिवळ्याचं केशरी झालं, एकदम गडद, शेंदरी म्हणतो ना आपण तसं. मला पन्नाशीला आली तरी हे माहीत नव्हतं. "आमच्या टायमाले धुयवडीले हाच रंग," इतकंच बोलल्या. त्यात मामाजींच्या दोन जुन्या धोतरांचे तुकडे बुडवले, रात्रभर ठेवले, सकाळी सावलीत वाळवले. उन्हात वाळवले असते तर अर्धा रंग उडाला असता.

पांढऱ्याचं तर विचारूच नका, आमचा जिल्हाच पांढऱ्या सोन्याचा. भाव काय मिळाला ते सोडा. शेवटच्या वेचणीची कवडी (हलका, खराब कापूस) घरात पोत्यात पडलीच होती, तिला कोण व्यापारी विचारत नाही. त्यातली जरा बरी बरी बोंडं पोट्ट्यांकडून निवडून घेतली, बोंडाच्या वाळक्या टरफलासकट, कारण चार पाकळ्यांचं ते टरफल आन् मधात कापूस असं एकदम फुलासारखं दिसते.

हिरव्यात मात्र मार खाल्ला. मला वाटलं कडूलिंबाचा पाला वाटून कपडा रंगवू. रंगला, हो, ओला होता तोवर मस्त पोपटी, आन् वाळल्यावर असा झाला जसं कोणी त्यावर चहा सांडला. पाल्याचा हिरवा रंग कपड्यावर धरतच नाही म्हणे, आत्याबाई हसून राहिल्या होत्या, आधी बोलल्या नाही. मग सरळ पानंच लावायची ठरवलं. आंब्याची पानं, खऱ्याखुऱ्या तोरणासारखी. सुतळीवर एक केशरी पट्टी, एक बोंड, दोन आंब्याची पानं, परत केशरी पट्टी. झेंडा कुठंच नाही, पण लांबून बघितलं की डोळ्याला बरोबर समजते. पानं सकाळी तोडून ओल्या बारदान्यात गुंडाळून ठेवायची आन् पाच वाजता ओवायची, नाहीतर दुपारीच त्यांचे पापड होतात. हे मात्र आधीच सुचलं, म्हणजे अगदीच वाया नाही गेली मी.

मांडव पऱ्हाट्या आन् तुराट्यांचा, म्हणजे कापसाच्या आन् तुरीच्या वाळक्या काड्यांचा. कृषीवाले दरवर्षी सांगून सांगून थकले की बोंडअळी राहते, पऱ्हाट्या वावरात ठेवू नका, लवकर उपटा, तर त्या उपटून घरी चुलीसाठी रचलेल्या असतातच प्रत्येकाच्या. शाळेसमोरच्या कडूलिंबाखाली आमच्या ह्यांनी आन् दोन पुतण्यांनी चार बल्ल्या रोवून वरून टाकल्या. खर्च शून्य, फक्त पुतण्यांना चहा तीनदा.

आता चक्र. हे सातवीतल्या एका पोराचं खूळ. तो म्हणे काकू, झेंडा नाही करायचा तर चक्र तर करू, मोठं, मांडवाच्या मधात लटकवायचं. आयडिया चांगली होती. त्याच्या डोक्यात सायकलची जुनी रिंग, तिला निळा रंग मारायचा, झालं चक्र. आणली रिंग, पोट्टे तारा मोजायला बसले, एक म्हणे अडतीस, एक म्हणे बेचाळीस, मोजून मोजून चाळीस निघाल्या. आन् अशोकचक्राला पाहिजे चोवीस आरे. सोळा तारा काढून टाकू म्हणाला तर उरलेल्या सारख्या अंतरावर कशा येणार? रिंग वापस गेली भंगारात.

मग एक फुटलेली मोठी टोपली होती, तिचा बांबूचा कडा काढला, चांगला दोन फूट रुंद. आऱ्यांसाठी नवा कोरा खराटा सोडला, त्यातल्या सरळ सरळ काड्या निवडून धुऊन पुसून घेतल्या. पण चोवीस सारखे भाग करायचे कसे? पोट्ट्यांनी वर्तमानपत्राचा गोल कापला आन् घड्या घालत सुटले, अर्धा, पाव, आठवा, सोळावा, उघडलं तर सोळा. परत एक घडी घातली तर बत्तीस. चोवीस काही येईना. सगळ्यांचं डोकं गरम, एक म्हणे बत्तीस ठेवू कोण मोजते. तेव्हा चौथीतली एक पोट्टी, नाकातून शेंबूड वाहते पण डोकं असं, ती म्हणे आठवर थांबा ना, आन् मग प्रत्येकाचे तीन करा. आठ तिया चोवीस! ज्यांना सकाळी पाढे म्हणायला लावले तर पोटात दुखते त्यांनी एका सुरात म्हटलं. आठ घड्या, प्रत्येक घडीचे तीन भाग, पेनानं खुणा, तोच कागद कड्याच्या खाली ठेवून खुणेखुणेवर काडी बांधली. मधात बाटलीचं झाकण. मी स्वतः बोट ठेवून मोजल्या, चोवीस. ही 30 एप्रिलची रात्र. नीळ आन् बाभळीचा डिंक सकाळी लावू म्हणून चक्र तसंच स्वयंपाकघराच्या बाहेर ओसरीत उभं करून ठेवलं. हे लक्षात ठेवा.

खाण्याकडे येऊ. आधी ठरवलं की मेमध्ये दूध-खवा-क्रीम असलं काहीच नको. आन् लादीचा बर्फही नको, पोट्ट्यांना गोळा पाहिजे होता, तिरंगी गोळा, रडारड झाली, पण फॅक्टरीतली लादी माल थंड ठेवायची असते, ती कशी बनते कोणत्या पाण्याची काय माहीत, 64 लेकरांची पोटं बिघडली तर गाव मला सोडणार नाही.

कैऱ्या फुकट होत्या. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी वावधन (वादळी वारा) सुटलं होतं, अर्ध्या कैऱ्या खाली, निदान बारा-तेरा किलो. अर्ध्या उकडल्या, अर्ध्या चुलीच्या राखेत भाजल्या कारण आत्याबाईंचं म्हणणं पन्ह्याला भाजल्याशिवाय वासच नाही. त्यांचं बरोबर आहे, पण भाजलेल्या कैऱ्या सोलायला दोन तास जातात हे त्या सांगत नाहीत, त्यांना सोलायच्या नसतात ना. गूळ तीन किलो, 180 रुपये. जिरं भाजून, काळं मीठ. पन्हं घट्ट गर करून ठेवायचं आन् माठातलं पाणी वेळेवर घालायचं, म्हणजे आंबत नाही आन् पाहुणे वाढले तर पाणीही वाढवता येते. हे दुसरं फार कामी आलं.

मुख्य पदार्थ कच्चा चिवडा. बाहेरच्या लोकांना हे समजत नाही, ते विचारतात फोडणी कुठे आहे. अहो फोडणीच नाही, म्हणून तर कच्चा. मुरमुरे, त्यावर कच्चं तेल, तिखट, मीठ, फल्लीदाणे, फुटाण्याची डाळ, बारीक कांदा, सांभार (म्हणजे कोथिंबीर), आंबटपणाला लिंबू. लिंबू यंदा दहाला एक होतं, तर लिंबाच्या जागी कैरी किसून टाकली, आन् इमानदारीनं सांगते, लिंबापेक्षा चांगला लागला. चार किलो मुरमुरे 280, फल्लीदाणे 130, डाळ 60. गॅस जळत नाही, उकाड्यात कोणाला चुलीपाशी उभं राहावं लागत नाही. फक्त एक, कालवायचा ऐनवेळी, आधी कालवला की पाच मिनिटात मुरमुऱ्याचा चामडा होतो.

फळात खरबूज दहा किलो, 25 च्या भावानं अडीचशे. आतून केशरी असते म्हणून घेतलं, काकडी आमच्याच वाडीतली.

आन् मग ढोकळा. ही आमच्या धाकट्या जावेची हौस. तिचं लग्न होऊन एकच वर्ष झालं, तिनं मोबाईलवर तिरंगी ढोकळा बघितला, म्हणे ताई मी करते ना, तुम्ही हात लावू नका. नवीन माणसाचं मन मोडू नये. पांढरा थर तांदूळ-उडदाचा, हिरव्यात पालक-सांभार वाटून (एवढ्याशा पालक-सांभाराला 80 रुपये, उन्हाळ्यात पालेभाजीचा भाव विचारूच नये), आन् केशरी म्हणून बेसन, हळद आन् सोडा. रात्री नमुना म्हणून एक ताट केलं. झाकण उघडलं तर वरचा थर लाल. केशरी नाही, लाल, तोही ठिपक्या ठिपक्यांचा, जसं कोणी पिचकारी मारली. बिचारी रडायला आली. आत्याबाई ताटाकडे बघतच राहिल्या आन् म्हणे, "अवो कुंकू अस्संच तर बनते! हयदीले चुना लावला का लाल होते, तसाच तुहा सोडा." खरंच की. सोडा जास्त झाला होता आन् नीट मिसळला नव्हता, जिथं गुठळी तिथं लाल ठिपका. मग दुसऱ्या ताटाला हळद अर्धी केली, पीठ आंबट ताकात भिजवलं, सोडा निम्मा, आन् तो पाण्यात विरघळवून अगदी शेवटी घालून भराभर फेटलं. आला पिवळा-केशरी, छान. लाल ताट आम्हीच जेवणासोबत खाल्लं, चवीला जरा साबणासारखं, मामाजींनी तीन तुकडे खाल्ले आन् काही बोलले नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

द्रोण पळसाच्या नव्या पानांचे, एप्रिलअखेर पानं चांगली मोठी झालेली असतात, आमच्या गटातल्या दोघीजणी गप्पा मारता मारता ऐंशी द्रोण टाचून मोकळ्या. चिवड्याला बेस्ट. पन्ह्याला मात्र नाही, गळतात. म्हणून सगळ्यांना निरोप, आपापला गिलास घरून आणायचा. डिस्पोजेबलचे पैसेही वाचले आन् दुसऱ्या दिवशी शाळेसमोर कचराही नाही.

1 मे. सकाळी झेंडा झाला, राज्यगीत झालं. आता शाळेत हे गीत असतेच, 2023 पासून ते अधिकृत राज्यगीत आहे. मी मुद्दाम मामाजींना सांगितलं, म्हटलं लिहिणारे राजा बढे कुठले माहीत आहे का, आपल्या नागपूरचे. ते म्हणे मले नोको शिकवू. पण थोडे गप्प झाले. झेंड्यानंतर पोट्ट्यांच्या हातातले कागदी झेंडे इकडेतिकडे पडलेले, तर सातवीच्या पोरांनी फिरून फिरून 37 जमा केले आन् सरांच्या हातात दिले. हे कोणी सांगितलं नव्हतं. मग निकाल, मग मी घरी पळाली, चक्राला घाईघाईत नीळ फासली आन् पडवीत वाळायला ठेवलं.

दुपारी काहीच नाही केलं. हे पण प्लॅनिंगच आहे बरं, आमच्याइकडे बारा ते साडेचार काम काढणारा माणूस मूर्ख. पाचला सडा मारला शाळेसमोर, दोनदा, पहिलं पाणी तर जमीन पिऊनच गेली. दोन माठ, एक रांजण, रांजणात वाळ्याची जुडी सोडली. तोरणं ओवली. चक्र टांगलं. सहाला ऊन उतरलं आन् मी वर बघितलं तर खरं सांगते, छाती भरून आली, इतकं देखणं दिसत होतं ते, केशरी पट्ट्या हवेत, कापसाची बोंडं, मधात निळं चक्र हळूहळू फिरून राहिलं.

आन् मग पोट्टे यायला लागले. 64 धरले होते. पण प्रत्येक पोट्ट्याच्या कडेवर एक लहान, हाताला एक पाहुणं, सुट्टी लागली तर मामाच्या गावाला आलेलेही आलेच, शिवाय वीटभट्टीवरच्या मजुरांची लेकरं कंपाउंडच्या भिंतीवर बसून बघून राहिली होती. कामगार दिनाच्या दिवशी त्यांनाच भिंतीवर बसवून आपण खायचं का? बोलावलं. मोजले 112. द्रोण ऐंशी, ढोकळ्याचे तुकडे सत्तर. जावेचा चेहरा पडला. मी सुरी घेतली आन् प्रत्येक तुकडा तिरपा कापला, तिकोनी केला, सत्तरचे एकशे चाळीस. हे पळत जाऊन आणखी दोन किलो मुरमुरे घेऊन आले, 140 रुपये. पन्ह्यात एक बादली पाणी. द्रोण कमी पडले तर मोठ्यांनी हातावर घेतला चिवडा.

आन् मामाजी. धुतलेला सदरा, टोपी, काठी, "मी पन्हं प्याले आलो, कार्यक्रमाले नाही." खुर्ची दिली. पन्हं पिऊन झालं तरी उठेनात. मग एका पोट्ट्यानं विचारलं आजोबा तुम्ही स्वातंत्र्याच्या वेळी होते का, ते म्हणे मी नव्हतो, माझा बाप होता. आन् सुरू झाले. आष्टी, इथून जवळची, तिच्या नावापुढे कंसात शहीद का लिहितात, ऑगस्ट 1942 मध्ये गावोगावचे लोक कसे ठाण्यावर चालून गेले, गोळ्या कशा चालल्या, तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवरच्या भजनांनी माणसं कशी पेटली होती, मग महाराजांनाही कसं जेलात टाकलं, हे सगळं त्यांच्या बापानं त्यांना सांगितलेलं. एरवी एका जागी पाच मिनिट न बसणारे पोट्टे तोंडात चिवडा घेऊन चावायचं विसरले. मी वीस वर्षांपासून ह्या घरात आहे, मला कधी सांगितलं नव्हतं त्यांनी हे.

साडेसातच्या सुमारास लाईन गेली, जातेच, आन् पाठोपाठ वारा. मोठं वावधन नव्हतं पण एक झटका असा आला की एका बाजूचं तोरण तुटलं, बोंडातला कापूस सुटून हवेत, पोट्टे अंधारात कापूस पकडायला धावले, कोणी पडलं, कोणी रडलं, मोबाईलच्या उजेडात बक्षिसाच्या पेन्सिली वाटल्या, 64 पटावरच्यांच्या होत्या त्या, 320 च्या, भट्टीवरच्या लेकरांना पुरल्या नाही. ते मला अजूनही लागून आहे. पुढच्या वेळी पेन्सिलीच नको, नाहीतर सगळ्यांना.

रात्री हिशोब लावला. वाया गेलेले 260 धरून, सुतळी-नीळ-डिंक 90, जिरं-काळं मीठ 60, बेसन 150, बाकी वर सांगितलंच, बरोबर दोन हजार, एक रुपया इकडेतिकडे नाही. ह्यांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं. तर म्हणे तांदूळ, उडीद, तेल, कांदे, काकडी, ताक, सरपण, गॅस आन् बाबांची दोन धोतरं, ते कोण धरणार? मी म्हटलं ते नसते धरत.

राहिलं चक्र. वारा आला तेव्हा ते खाली पडलं होतं, ती चौथीतली शेंबडी पोट्टी उचलून घेऊन आली आन् म्हणे काकू, तेवीसच आहेत. मी म्हटलं पडली असेल एक, शोध. टॉर्च घेऊन आठ-दहा जणांनी आख्खं आवार पालथं घातलं, निळी काडी कुठंच नाही. बारकाईनं बघितलं तर जिथली काडी गेली तिथं कड्यावर दोऱ्याची सैल गाठ होती पण तिथं नीळ आतपर्यंत लागलेली, म्हणजे काडी रंगवायच्या आधीच गेलेली. म्हणजे संध्याकाळपासून आम्ही सगळे, सर धरून, तेवीस आऱ्यांच्या चक्राखाली उभं राहून फोटो काढून राहिलो होतो.

दहा वाजता भांडी घासायला बसलो. धाकटी जाऊ ढोकळ्याची चाळणी घासून राहिली होती, एकदम थांबली, माझ्याकडे बघितलं, परत चाळणीकडे. चाळणीच्या भोकात एक स्वच्छ, सरळ, खराट्याची काडी अडकलेली. "ताई," म्हणे, "रात्री ते दुसरं ताट शिजलं का नाही बघाले काही सापडून नोयतं रायलं. ओसरीत एवढ्या काड्या होत्या, मले वाटलं एकीनं काय होते."